आठवीतून नववीत जाणाऱ्या मुलांची इंग्लंड सहल: दहा दिवसांत काय दाखवावे?

गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकमधील एका शाळेत गेली ११ वर्षे इतिहास शिकवते. आमच्या संस्थेने येत्या उन्हाळी सुट्टीत, आठवीतून नववीत जाणाऱ्या ३२ विद्यार्थ्यांची दहा दिवसांची इंग्लंड सहल ठरवली असून तिची जबाबदारी माझ्याकडे आणि माझ्या एका सहकाऱ्याकडे सोपवली आहे. पालकांना दिलेल्या पत्रकात ‘इंग्लंडची संस्कृती आणि इतिहास यांचा प्रत्यक्ष अनुभव’ असा सहलीचा उद्देश छापलेला आहे. माझी अडचण याच वाक्यापासून सुरू होते.

प्रवासी कंपनीने पाठवलेल्या कार्यक्रमात लंडन आय हा उंच पाळणा, मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय, एका चित्रपट स्टुडिओत पूर्ण दिवस, शहराबाहेरच्या बाजारात अर्धा दिवस खरेदी, स्टोनहेंज आणि बाथ एकाच दिवसात, ऑक्सफर्ड आणि स्ट्रॅटफर्ड एकाच दिवसात, आणि शेवटी दोन दिवस एडिंबरा असा बेत आहे. एडिंबरा इंग्लंडमध्ये नसून स्कॉटलंडमध्ये आहे, हे मी बैठकीत सांगितले तेव्हा ‘मुलांना काय फरक पडतो’ असे उत्तर मिळाले. ज्या मुलांना मी वर्षभर ब्रिटिश सत्तेचे परिणाम शिकवले, त्यांना हा फरक कळायला हवा, असे मला वाटते. मात्र या कार्यक्रमाऐवजी नेमके काय मांडायचे, हे मला स्वतःलाच स्पष्ट नाही, कारण मीही आजवर भारताबाहेर गेलेले नाही.

प्रत्येक विद्यार्थ्यामागे साडेतीन लाखांच्या आसपास खर्च येणार आहे. आराखड्यात बदल करण्याची मुभा मुख्याध्यापिकाबाईंनी दिली आहे, पण खर्च वाढवायचा नाही अशी अट घातली आहे. जे तेथे राहतात, ज्यांनी अशा सहली नेल्या आहेत किंवा ज्यांची मुले जाऊन आली आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती. ‘हे दहा प्रसिद्ध ठिकाणे पाहा’ अशा याद्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. ठिकाणे निवडावीत कशी, हे मला समजून घ्यायचे आहे.

टेम्सतीरी

गोदाकाठ, मी १४ वर्षे उत्तर लंडनमध्ये राहत आहे. वेस्टमिन्स्टरच्या पुलावर भारतातून आलेल्या शालेय सहली मला नेहमी दिसतात. मुले छायाचित्रे काढत असतात, शिक्षक डोकी मोजत असतात आणि वाटाड्या घड्याळाकडे पाहत असतो. तुमचा आताचा कार्यक्रम त्याच वळणाचा आहे. त्यातून एडिंबरा आधी काढून टाका. शहर अतिशय देखणे आहे, परंतु बसने जाण्यायेण्यात तुमचे जवळजवळ दोन दिवस जातील, आणि तेवढा वेळ तुम्हाला अन्यत्र सोन्यासारखा वापरता येईल.

निवडीचे सूत्र तुम्ही विचारले आहे. माझ्या मते प्रत्येक दिवस एकाच भागात, शक्य तितका पायी घालवावा, आणि मुलांनी नाशिकात किंवा मुंबईत जे पाहिलेले आहे त्याचे दुसरे टोक त्यांना येथे दाखवावे. एका दिवसाचे उदाहरण देतो.

सकाळी सेंट पँक्रस स्थानकासमोर उभे राहा. लाल विटांची, टोकदार कमानींची ती हॉटेलची इमारत १८७३ मध्ये सुरू झाली आणि तिचा वास्तुरचनाकार होता जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडेही याच स्कॉटचे. तो मुंबईला कधीही आला नाही; त्याने येथे बसून आराखडे केले आणि ते समुद्रमार्गे गेले. म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी की विमानतळावर जाण्यापूर्वी मुलांना दोन तास फोर्ट भागात न्या, राजाबाई टॉवर आणि सीएसएमटी बाहेरून नीट पाहू द्या, शक्य असल्यास वहीत रेखाटू द्या. ती वही सेंट पँक्रससमोर उघडली की पुढचे फारसे काही तुम्हाला सांगावे लागणार नाही.

स्थानकाच्या शेजारीच ब्रिटिश लायब्ररी आहे. तिच्या दुर्मीळ वस्तूंच्या दालनात प्रवेश विनामूल्य असतो. राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या मूळ प्रतींपैकी आज चारच शिल्लक आहेत आणि त्यांतील दोन या ग्रंथालयाकडे आहेत. उरलेल्या दोन लिंकन आणि सॉल्सबरी या शहरांतील कॅथीड्रलांच्या आहेत. मुलांना हेही सांगा की हा करार झाल्यावर काही आठवड्यांतच पोपने तो रद्द ठरवला होता, आणि त्यातील ‘स्वतंत्र माणूस’ या शब्दांत तेव्हाचे बहुसंख्य कुळवाडी बसतच नव्हते. पाठ्यपुस्तकातील एका ओळीचे वजन असे दोन्ही बाजूंनी कळते. ईस्ट इंडिया कंपनीचे दप्तरही याच इमारतीच्या ताब्यात आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरतेवर केलेल्या स्वारीची हकिकत इंग्रज वखारवाल्यांनी ज्या पत्रांतून कळवली, ती कागदपत्रे त्या दप्तराचा भाग आहेत. मुलांना ती हाताळायला मिळणार नाहीत, पण आपण त्यांच्यापासून काही अंतरावर उभे आहोत हे त्यांना कळले तरी पुरे.

दुपारी तेथून जवळच असलेल्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरी जावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये येथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ मध्ये विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. १९२१-२२ च्या त्या काळात बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लिहीत होते आणि ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर होत होते, हे तेथील लहानशा खोल्यांत उभे राहिल्यावर फार वेगळे वाटते. घर लहान असल्यामुळे ३२ मुले एकदम आत नेता येणार नाहीत. आधी कळवून दोन तुकड्या करा आणि दुसऱ्या तुकडीला जवळच्या प्रिमरोज हिलवर डबा खाऊ द्या. त्या टेकडीवरून सारे लंडन फुकट दिसते आणि लंडन आयचे पैसे वाचतात.

तुम्ही नाशिकच्या आहात म्हणून आणखी एक. हायगेट भागात क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर ६५ क्रमांकाचे घर आहे. श्यामजी कृष्णवर्मा यांचे इंडिया हाऊस, म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांचे आणि क्रांतिकारकांचे निवासस्थान, ते हेच, आणि भगूरहून आलेले विनायक दामोदर सावरकर १९०६ पासून येथे राहत होते. लंडनहून छुपेपणाने पाठवलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. तुमच्या मुलांनी हे नाट्यगृह येताजाता पाहिलेले असेल. हायगेटचे घर खाजगी आहे, त्यामुळे रस्त्यावरून भिंतीवरची स्मृतिपाटी वाचून परतावे लागते. त्यासाठी दहा मिनिटे पुरतात, मात्र ती दहा मिनिटे कार्यक्रमात राखून ठेवावी लागतात.

आता ‘संस्कृती’विषयी. वेस्टमिन्स्टर ॲबी पाहायला बरेच शुल्क पडते, परंतु तेथील सायंप्रार्थनेला, जिला इव्हनसाँग म्हणतात, कोणीही विनामूल्य बसू शकतो. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्येही तसेच. तुमच्या मुलांपेक्षा जरा लहान वयाचे गायक तेथे शतकांपूर्वीच्या रचना गातात. प्रार्थना चालू असताना छायाचित्रण करता येत नाही, आणि माझ्या दृष्टीने तो लाभच आहे. काही पालकांना धार्मिक कार्यक्रम नको असेल; त्यांना आधी विश्वासात घ्या आणि मुलांनी नुसते शांत बसून ऐकायचे आहे, हे स्पष्ट करा. पाऊण तासात इंग्लंडच्या सांस्कृतिक जीवनाविषयी जे कळते, ते मेणाचे पुतळे दिवसभर पाहूनही कळणार नाही.

हिशेबनीस

माझा मुलगा तीन वर्षांपूर्वी अशाच एका शालेय सहलीने इंग्लंडला जाऊन आला. शाळेचे व कंपनीचे नाव लिहीत नाही. नऊ दिवसांत त्याने बसच्या खिडकीतून फार पाहिले. परत आल्यावर त्याला सर्वांत स्पष्ट काय आठवत होते, तर महामार्गावरच्या एका विसाव्याच्या ठिकाणी दोन तास बस बंद पडली तेव्हा मुलांनी वाहनतळावर खेळलेले क्रिकेट आणि त्यात सामील झालेला इंग्रज ट्रकचालक. मी हे थट्टेने लिहीत नाही. नऊ दिवसांत तेवढाच एक इंग्रज माणूस त्याच्याशी कामाव्यतिरिक्त बोलला होता.

म्हणून माझा आग्रह असा की तेथील एखाद्या शाळेत अर्धा दिवस तरी घालवण्याची सोय करा. महाराष्ट्रात मे संपूर्ण सुट्टीचा असला तरी इंग्लंडमधील शाळा जुलैच्या उत्तरार्धापर्यंत चालू असतात. फक्त मेच्या अखेरीस त्यांना आठवडाभराची सुट्टी असते. तो आठवडा टाळून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर शाळाही उघड्या मिळतील आणि संग्रहालयांतली सुट्टीची गर्दीही टळेल. मात्र तेथील दहावी-अकरावीच्या मुलांच्या जीसीएसई या शालान्त परीक्षा मे-जूनमध्ये असतात, त्यामुळे त्यांच्या नववीच्या वर्गाशी पत्रव्यवहार करा. वय साधारण तेच आहे. पत्र आतापासून लिहावे लागेल, कारण मुलांच्या सुरक्षिततेच्या नियमांमुळे तेथील शाळा परक्या प्रौढांना सहज आत घेत नाहीत.

व्हिसाबाबत एक सावधगिरी. अठरा वर्षांखालील मुलाच्या अर्जात त्याच्यासोबत प्रवास करणाऱ्या प्रौढाचे नाव द्यावे लागते आणि अशा दोघांपर्यंत नावे देता येतात. आमच्या वेळी एकाच शिक्षकाचे नाव दिले होते. ते गृहस्थ निघण्याच्या आदल्या आठवड्यात आजारी पडले तेव्हा जी धावपळ झाली ती मी विसरलेलो नाही. दोन्ही शिक्षकांची नावे द्या. पालकांचे संमतिपत्र, जन्माचा दाखला आणि मुले कोठे राहणार याचा पुरावा यांच्या प्रती प्रत्येक मुलामागे वेगळ्या लखोट्यात ठेवा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे कंपनीने सरकारसाठी आगाऊ वसूल करायचा आयकर, आकारला जातो. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, हे पालकांना आधीच लेखी सांगा, नाहीतर रक्कम वाढवली म्हणून तुमच्या नावाने ओरड होईल.

शेवटी एक अप्रिय प्रश्न विचारतो. तुमच्या वर्गात साडेतीन लाख न भरू शकणारी मुले किती आहेत, आणि ती दहा दिवस काय करणार आहेत? माझ्या मुलाच्या शाळेत सहलीनंतर वर्षभर दोन तट पडले होते. खर्चाच्या अटीत हेही बसवता आले तर पाहा.

गल्लीक्रिकेट

वरील ट्रकचालकाच्या गोष्टीवरून सुचले. जूनमध्ये शनिवारी दुपारी इंग्लंडच्या जवळपास कोणत्याही खेड्यात हिरवळीवर क्रिकेटचा सामना चालू असतो. त्याला तिकीट नसते. हद्दीबाहेर गवतावर बसून सामना पाहावा, चहाच्या मध्यंतरात दोन शब्द बोलावेत. लॉर्ड्सचे मैदान तर पाहाच, पण तेथे १९३२ मधील आपल्या पहिल्या कसोटीबरोबरच १९११ च्या दौऱ्याचीही आठवण सांगा. त्या दौऱ्यात पळवणकर बाळू यांनी शंभराहून अधिक बळी घेतले होते. ज्या माणसाला अस्पृश्य मानून पुण्यात संघातल्या इतरांपासून वेगळ्या कपात, मैदानाबाहेर चहा दिला जात असे, तो इंग्लंडच्या मैदानांवर भारतीय संघाचा प्रमुख गोलंदाज होता. आठवीच्या मुलांशी यावर तासभर बोलता येईल.

खडूफळा

मी ३४ वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालो. माझी कन्या मँचेस्टरजवळ राहत असल्यामुळे इंग्लंडचा उत्तर भाग मी निवांत पाहिला आहे. टेम्सतीरी यांनी लंडनविषयी फार चांगले लिहिले आहे, परंतु त्यांच्याच राजाबाई टॉवरचा धागा पुढे ओढला तर तो तुम्हाला लंडनबाहेर घेऊन जाईल. एडिंबऱ्याचे वाचलेले दिवस तेथे घालवावेत, असे मी सुचवतो.

तो टॉवर बांधायला पैसा कोठून आला? प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावे दिलेल्या देणगीतून. त्यांच्याकडे एवढा पैसा आला कापसातून. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरच्या परिसरातील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना लागणारा अमेरिकी कापूस बंद पडला. तेव्हा खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला. त्या पैशातून कंपन्यांचे पीक आले, समुद्र भरून जमीन करण्याच्या योजनांचे शेअर वेड लागल्यासारखे चढले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. प्रेमचंदही त्यात बुडाले, पण टॉवर उभा राहिला. आपल्याकडे मुलांना ही गोष्ट कळते ती मुंबईच्या बाजूने. तिची दुसरी बाजू मँचेस्टरमध्ये आहे. तेथे त्याच चार वर्षांत गिरण्या थंड पडल्या होत्या आणि हजारो मजूर कुटुंबे धर्मादाय अन्नावर जगत होती.

असे हाल सोसूनही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये मजुरांची सभा भरली आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यास पाठिंबा देणारे पत्र अब्राहम लिंकन यांना पाठवण्यात आले. ज्या नाकेबंदीने त्यांची चूल विझवली तिच्याच कर्त्याला ते आपण तुमच्या बाजूचे आहोत असे कळवत होते. लिंकन यांनी पुढच्याच महिन्यात उत्तर दिले, आणि त्यातील मजकूर आज मँचेस्टरच्या लिंकन चौकात त्यांच्या पुतळ्याखाली कोरलेला आहे. खरे सांगायचे तर लँकेशायरमधील सगळेच त्या मताचे नव्हते. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांत दक्षिणेचे पक्षपाती पुष्कळ होते. मुलांना हेही सांगावे.

मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. तेथील कापडाच्या दालनात जुनी यंत्रे चालवून दाखवतात. एकच माग सुरू झाला तरी कान दडपून जातात. शेकडो मागांच्या खोलीची कल्पना मुले आपोआप करतात. १८३० मध्ये सुरू झालेल्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे स्थानक याच आवारात आहे. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्यानंतर २३ वर्षांनी धावली. आवारातील काही इमारतींची दुरुस्ती चालू असते, तेव्हा काय उघडे आहे याची आधी चौकशी करा.

परंतु माझ्या दृष्टीने सहलीतील सर्वांत महत्त्वाचे ठिकाण मँचेस्टर विमानतळाजवळच्या स्टायल या गावी आहे. सॅम्युअल ग्रेग याने १७८४ मध्ये स्थापन केलेली क्वारी बँक ही सूतगिरणी तेथे जतन करून ठेवलेली आहे. प्रचंड जलचक्र अजून फिरते. गिरणीपासून थोड्या अंतरावर उमेदवारी करणाऱ्या, म्हणजे काम शिकण्यासाठी बांधून घेतलेल्या, मुलांचे घर आहे. अनाथालयांतून आणि गरीबगृहांतून आणलेली सुमारे ९० मुले तेथे राहत असत, एका बिछान्यावर दोघे निजत असत आणि दिवसाचे बारा तास गिरणीत राबत असत. तुटलेले धागे जोडणे, चालत्या यंत्राखाली शिरून कापसाचा कचरा गोळा करणे, ही त्यांची कामे होती. त्यांतली कित्येक तुमच्या विद्यार्थ्यांपेक्षा वयाने लहान होती. याच ग्रेग घराण्याचे वेस्ट इंडीजमधील डोमिनिका बेटावर मळे होते आणि त्यांवर गुलाम राबत होते. इंग्लंडने जगावर राज्य केले एवढेच शिकलेल्या मुलांना त्या घरातल्या अरुंद बिछान्यांपाशी इंग्लंडच्याच गरिबांचे काय झाले होते, हे दिसते. ब्रिटिश साम्राज्याविषयी त्यांच्या मनात राग असेल तर तो कमी करण्याचा माझा हेतू नाही. तो राग कोणावर करावा, हे त्यांना अधिक नेमके समजावे, एवढेच मला वाटते.

तेथून डर्बीशायरच्या डोंगरांत ईम नावाचे खेडे आहे, ते जमले तर पाहा. १६६५ मध्ये लंडनहून एका शिंप्याकडे आलेल्या कापडातून तेथे प्लेग शिरला, असे परंपरेने सांगतात. पुढच्या उन्हाळ्यात गावचे धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी ठरवले की आपण गाव सोडायचा नाही आणि कोणाला आत येऊ द्यायचे नाही. शेजारची गावे वेशीवरच्या दगडापाशी धान्य ठेवून जात, आणि त्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात मोबदल्याची नाणी ठेवली जात. सुमारे २६० माणसे दगावली. हँकॉक नावाच्या एका स्त्रीने आठ दिवसांत आपला पती आणि सहा मुले पुरली. ती थडगी शेतात अजून आहेत. १८९७ च्या पुण्यातील प्लेग, घराघरांत शिरलेले गोरे सोजीर आणि रँडसाहेबाचा खून हे तुमच्या मुलांना ठाऊक असते. गावाने स्वतःवर घातलेले बंधन आणि बाहेरच्या सत्तेने लादलेले बंधन यांत काय फरक असतो, हा प्रश्न मी माझ्या नातवाला त्या दगडापाशी विचारला होता. त्याने बराच वेळ उत्तर दिले नाही.

जेवणाबाबत एक. उत्तरेकडे, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, बटाट्याचे चिप्स अजून अनेक दुकानांत गाईच्या चरबीत तळतात. जेली, चघळायच्या गोळ्या आणि काही प्रकारचे चीज यांतही प्राणिज घटक असतात. वेष्टनावर शाकाहारी असल्याची खूण पाहिल्याशिवाय घेऊ नये, एवढे शिकवले की पुरते.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल मुख्याध्यापिकाबाईंसमोर सहा रात्री लंडन आणि तीन रात्री मँचेस्टर असा आराखडा ठेवला. चित्रपट स्टुडिओ, मेणाचे पुतळे, खरेदी आणि एडिंबरा वगळल्याने खर्च वाढत नाही, उलट थोडा उतरतो. हिशेबनीस यांचा प्रश्न मी तसाच त्यांच्यासमोर ठेवला. उरलेल्या रकमेतून, न येणाऱ्या मुलांसह सबंध इयत्तेची दोन दिवसांची मुंबई भेट करावी आणि राजाबाई टॉवर, सीएसएमटी, गिरणगाव यांची ओळख सर्वांना एकत्रच व्हावी, असे ठरते आहे. इंग्लंडला जाणारी मुले तेथून आणलेल्या नोंदी जुलैमध्ये वर्गाला सादर करतील. यामुळे तट पडणार नाहीत असे मी म्हणत नाही.

स्टुडिओ गेल्यामुळे मुले माझ्यावर रुसली आहेत. त्याची भरपाई म्हणून त्यांनी एक मागणी केली आहे, ती म्हणजे कोहिनूर आणि वाघनखे पाहण्याची. याबद्दल काय करावे?

टेम्सतीरी

वाघनखांसाठी लंडनला येऊ नका. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील ती वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. सध्या ती कोठे आहेत हे पाहून सुट्टीपूर्वीच मुलांना दाखवता आली तर उत्तम. ती साताऱ्याच्या दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी (रेसिडेंट) जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वंशजांमार्फत संग्रहालयात आली. अफजलखानाच्या वेळची ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असे संग्रहालय स्वतःच सांगते. इतिहासाच्या शिक्षिकेला याहून चांगला पाठ कोठे मिळणार? त्याच संग्रहालयात टिपू सुलतानाचा लाकडी वाघ मात्र आहे, आणि तेथे प्रवेशही विनामूल्य आहे.

कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये, राणी एलिझाबेथ यांच्या मातोश्रींसाठी १९३७ मध्ये केलेल्या मुकुटात जडवलेला आहे. त्यासमोर रांग सरकत्या पट्ट्यावरून जाते, त्यामुळे तो काही क्षणच दिसतो. मुलांना रांगेत उभे असतानाच सांगून ठेवा की १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला आणि हिरा देण्याच्या तहावर ज्याची सही घेण्यात आली, तो महाराजा दुलीपसिंग त्या वेळी दहा वर्षांचा होता.

टॉवरला अर्धा दिवस द्या आणि हिऱ्याआधी व्हाइट टॉवर पाहा. नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर लंडनकरांवर वचक बसावा म्हणून तो बांधायला घेतला, आणि त्यासाठी काही दगडही नॉर्मंडीहून आणला. पुढे सुमारे ३०० वर्षे इंग्लंडच्या दरबारात फ्रेंच चालत होती. आपल्या भाषेत अर्ज, वकील, जमीन हे शब्द जसे फारसीमार्गे आले, तसेच इंग्रजीत न्यायालयाचे आणि राज्यकारभाराचे कितीतरी शब्द फ्रेंचमधून आले. जिंकणारे इंग्रज एकेकाळी स्वतः जिंकले गेले होते, हे तुमच्या मुलांना बहुधा नवीन असेल.

त्याच दिवशी दुपारी नदीपलीकडे ग्लोब नाट्यगृहात नाटक असेल तर उभ्याची तिकिटे काढा, ती काही पौंडांत मिळतात. १९९७ मध्ये पुन्हा उभारलेल्या या नाट्यगृहाचे छत गवताने शाकारलेले आहे, पण मधले अंगण उघडे आहे. पाऊस आला तर छत्री उघडू देत नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत पावसाळी अंगरखा असू द्या. नाशिकची मुले आहेत, पावसाला घाबरणार नाहीत. तीन तास उभे राहण्याची सवय मात्र आतापासून करून घ्या, आणि नाटकाची गोष्ट मराठीत आधी सांगून ठेवा. तारखा ठरल्या की मला कळवा; किंग हेन्रीज रोडच्या घरी दोन तुकड्यांची वेळ मिळवण्यासाठी मी स्वतः जाऊन विचारून येईन.